अपूर्णविरामाआधीची मोकळी जागा

सोमवारी सकाळी साडेदहाला आस्थापना विभागातून फोन आला. “अहो, शनिवारपासून एकाचीही हजेरी पडत नाहीये. मशीन तर नेहमीसारखं टिंग वाजवतंय.” मी ज्या शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळत होतो तिथली ही गोष्ट. शुक्रवारी रात्री मीच एका सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती आणि तिच्या पाठोपाठ अपाची या वेब सर्व्हरची नवी आवृत्तीही आली होती. त्यामुळे संशयित शोधायला लांब जायचे नव्हते.

लॉग उघडला. बोटांचे ठसे घेणारे ते यंत्र दर दोन मिनिटांनी इमानेइतबारे सर्व्हरचे दार वाजवत होते आणि सर्व्हर दर वेळी ४०० हा आकडा सांगून दार लावून घेत होता. ४०० म्हणजे ‘बॅड रिक्वेस्ट’. त्यासोबत अपाचीचे ठरलेले वाक्य असते: तुमच्या ब्राउझरने पाठवलेली विनंती या सर्व्हरला समजली नाही. यंत्रात ब्राउझर नव्हताच, पण ते असो. का समजली नाही याचा नेहमीच्या लॉगमध्ये पत्ता नव्हता. शेवटी टीसीपीडंप लावून तारेवरून जाणारे बाइट पकडले आणि एकेक ओळ वाचत गेलो. पहिली ओळ ठीक. होस्टची ओळ ठीक. मग कंटेंट-टाइप, आणि तिथे नजर अडकली. नाव संपल्यावर कोलन येण्याआधी एक मोकळी जागा होती. ५८ या बाइटच्या आधी एक ३२. बस्स, एवढेच.

आपल्याला ही जागा मुळीच खटकणार नाही. रजेच्या अर्जावर आपण ‘विषय : रजा मिळण्याबाबत’ असेच लिहितो, अपूर्णविराम शब्दाला चिकटवला तर तो विसर्ग वाटतो. यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही बहुधा अशीच काही सवय असावी. सहा वर्षे त्या जागेवरून कोणाचे काही अडले नव्हते. मग एका शुक्रवारनंतर सर्व्हरने तिच्यावरून हजेरीच नाकारावी, हा निव्वळ सरकारी बाबूपणा नव्हे काय? मलाही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसेच वाटत होते.

एचटीटीपी ही ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली बोली. तिचे १.१ हे रूप आजही डोळ्यांनी वाचता येईल अशा ओळींचे आहे. पहिल्या ओळीत काय हवे ते: क्रिया, पत्ता, आवृत्ती. त्याखाली हेडरच्या ओळी, प्रत्येकीत एक नाव, कोलन आणि त्यापुढे माहिती. मग एक रिकामी ओळ, आणि असलाच तर मजकूर. या बोलीचे व्याकरण आयईटीएफ ही संस्था आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत ठरवते. जून १९९९ मधल्या २६१६ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्या मोकळ्या जागेबद्दल इतकी ढिलाई होती की ती चालते असाही अर्थ काढता येई. जून २०१४ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या दस्तऐवजांपैकी ७२३० क्रमांकाच्या दस्तऐवजाने मात्र स्वच्छ सांगितले: हेडरचे नाव आणि कोलन यांच्यामध्ये जागा असलेली रिक्वेस्ट सर्व्हरने ४०० देऊन नाकारलीच पाहिजे. जून २०२२ चा आरएफसी ९११२ हेच बजावतो. नियम २०१४ चा, पण अपाचीने तो दारावर उभा केला डिसेंबर २०१६ मध्ये, २.४.२५ या आवृत्तीत. आमच्याकडे तो उशिरा पोचला, कारण सर्व्हर अद्ययावत करण्याचे काम आम्ही घराच्या रंगकामासारखे पुढे ढकलत होतो.

इंटरनेटचा मूळ स्वभाव असा खाष्ट नव्हता. १९८० साली जॉन पोस्टेल यांनी टीसीपी या इंटरनेटच्या पायाभूत प्रोटोकॉलच्या मसुद्यात एक सल्ला दिला होता, त्याचा आशय असा की स्वतः बोलताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याचे ऐकताना उदार व्हा. वेब वाढले ते बऱ्याच अंशी या उदारपणावर. अर्धवट बंद केलेले टॅग, उलटसुलट ओळी, काहीही चालवून घेतले गेले. एक चूक तर सरळ नियमात जाऊन बसली. आपण कोणत्या पानावरून आलो हे सांगणारे ‘रेफरर’ हेडर आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ सुरुवातीलाच गळाला आणि मे १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात तसाच छापला गेला. आज कोणी शब्दकोश पाहून शुद्ध स्पेलिंग पाठवले तर सर्व्हर ते ओळखणार नाही. इथे अशुद्ध तेच प्रमाण. व्याकरण पाळणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शुद्धलेखनाच्या वादात हिरिरीने उतरणाऱ्यांना सांगून पाहावे.

उदारपणाने काम भागते ते ऐकणारा एकच असेपर्यंत. ऐकणारे दोन झाले आणि दोघेही आपापल्या परीने उदार असले की गोंधळ सुरू होतो.

आजची बहुतेक मोठी संकेतस्थळे म्हणजे एकटा सर्व्हर नसतो. दर्शनी भागात प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर बसलेला असतो, तो आलेल्या रिक्वेस्ट घेऊन मागच्या सर्व्हरकडे सरकवतो. या दोघांमधली जोडणी प्रत्येक माणसासाठी नव्याने उघडणे महाग पडते, म्हणून एकाच जोडणीतून अनेकांच्या रिक्वेस्ट एकामागून एक सोडल्या जातात. टीसीपी तर फक्त बाइटांची सलग धार देते. त्यात एकाचे बोलणे कुठे संपले आणि दुसऱ्याचे कुठे सुरू झाले याची खूण नसते.

मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण सांगायला नको. आडवी रेघ आधी ओढून घ्यायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘नकोजाऊदे’ एवढेच समोर आले तर एक जण वाचेल ‘नको, जाऊ दे’, आणि दुसरा ‘नको जाऊ, दे’. कागद एकच, हुकूम उलटे. जुन्या कागदाच्या बाबतीत निदान दोघे वाचक समोरासमोर बसून वाद तरी घालू शकतात. प्रॉक्सी आणि सर्व्हर कधीच वाद घालत नाहीत. दोघेही आपलेच वाचन खरे धरून पुढे जातात.

एचटीटीपी १.१ मध्ये मजकूर कुठे संपतो हे सांगायचे दोन मार्ग आहेत. कंटेंट-लेंथ हे हेडर सरळ बाइटांची संख्या देते. ट्रान्सफर-एन्कोडिंग हे हेडर ‘चंक्ड’ म्हणाले तर मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी असते आणि शून्य लांबीचा तुकडा आला की मजकूर संपला. आता कोणी खोडसाळपणे दोन्ही हेडर एकत्र पाठवली तर? समजा कंटेंट-लेंथ सांगते ४० बाइट. प्रत्यक्ष मजकूर मात्र एका शून्याने आणि दोन ओळ-समाप्तींनी सुरू होतो, म्हणजे पहिल्या ५ बाइटांतच चंक्ड पद्धतीचा शेवट झाला. पुढचा प्रॉक्सी लांबी मानणारा, त्याने ४० बाइट एक रिक्वेस्ट समजून मागे दिले. मागचा सर्व्हर चंक्ड मानणारा, त्याच्या लेखी रिक्वेस्ट ५ बाइटांवर संपली. उरलेले ३५ बाइट जोडणीत तसेच पडून राहिले. त्या ३५ बाइटांत हल्लेखोराने दुसऱ्याच रिक्वेस्टचे तोंड लिहून ठेवलेले असते. आता त्याच जोडणीतून पुढच्या माणसाची रिक्वेस्ट येते, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती त्या तोंडाला चिकटलेले धड असते. कोणाची कुकी कोणाच्या नावे जाईल, कोणाला कोणाचे पान मिळेल, सांगता येत नाही. त्या पुढच्या माणसाने काहीही चूक केलेली नसते.

या प्रकाराला ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’ म्हणतात. चायम लिन्हार्ट, अमित क्लाइन, रोनेन हेलेड आणि स्टीव्ह ऑरिन यांनी २००५ साली वॉचफायर या कंपनीच्या निबंधात तो मांडला. थोडी चर्चा झाली आणि विषय मागे पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पोर्टस्विगर कंपनीच्या जेम्स केटल यांनी तो पुन्हा उकरून काढला आणि पेपालच्या लॉगिन पानापर्यंत पोचून दाखवले. तोवर प्रॉक्सींचे थर २००५ च्या मानाने कितीतरी वाढले होते, म्हणजे वाचकही वाढले होते आणि वाचनातले मतभेदही.

दोन हेडर एकत्र आली तर काय करायचे हे व्याकरणात आहे: ट्रान्सफर-एन्कोडिंगला मान द्यायचा, नाहीतर सरळ नाकारायचे, आणि दोन्ही बाबतींत उत्तर देऊन जोडणी तोडायची. मग हल्ला करणारे ट्रान्सफर-एन्कोडिंग लपवण्याच्या युक्त्या काढू लागले. त्यांतली एक युक्ती अशी की नाव आणि कोलन यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडायची. पुढचा प्रॉक्सी म्हणतो, जागेसकट हे कुठले तरी अनोळखी नाव दिसते, आपल्याला काय, द्या पुढे. मागचा उदार सर्व्हर ती जागा पुसतो आणि हेडर ओळखतो. दोघांची वाचने फाटली. हजेरीच्या यंत्रात निरागसपणे पडलेली जागा आणि ही जागा, बाइट एकच: ३२. दाराशी उभ्या असलेल्या सर्व्हरला हेतू दिसत नाही, बाइट दिसतो. संध्याकाळी हे सगळे वाचून झाल्यावर सकाळचा बाबूपणाचा आरोप मी मनातल्या मनात मागे घेतला.

हाच विचार इतर नियमांतही दिसतो. १.१ ची रिक्वेस्ट होस्ट हेडरशिवाय आली तर ४००, आणि दोन होस्ट हेडर घेऊन आली तरी ४००. एकाच आयपी पत्त्यावर डझनभर संकेतस्थळे नांदतात. होस्ट नसेल तर कोणाचे दार वाजवले ते कळत नाही आणि दोन असतील तर प्रॉक्सी पहिले वाचेल, सर्व्हर दुसरे. कंटेंट-लेंथ दोनदा आले आणि आकडे वेगळे असले तर पुन्हा ४०० आणि जोडणी बंद. दोन अर्थ निघत असतील तर त्यांतला बरा कोणता ते सर्व्हरने ठरवायचेच नाही. २०२३ च्या जूनमध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या आरएफसी ९४१३ ने पोस्टेल यांच्या सल्ल्याची नव्याने झडती घेतली, त्यात कललेली बाजू हीच आहे: चुका चालवून घेतल्या की त्या मुरतात आणि पुढे त्याच नियम होऊन बसतात.

अपाचीत या कडकपणाची कळ एचटीटीपीप्रोटोकॉलऑप्शन्स या लांबलचक नावाखाली आहे. मुळातच ती ‘स्ट्रिक्ट’वर असते. ढिले करायचे तर शब्द लिहावा लागतो ‘अनसेफ’. ‘उदार’ किंवा ‘जुन्यांसाठी’ असले गोंडस नाव न देता थेट ‘असुरक्षित’ म्हणायचे ठरवणाऱ्याला माझा नमस्कार. फाइलमध्ये तो शब्द स्वतःच्या हाताने टंकताना बोट जरा अडखळतेच. गंमत म्हणजे त्याच कळीत १९९१ च्या ०.९ या एकाच ओळीच्या बोलीला मूळ मांडणीत अजून प्रवेश आहे. तो बंद करायला वेगळा शब्द लिहावा लागतो.

बाकी बंदोबस्त ठरावीक आहे. ट्रेस ही क्रिया बंद ठेवावी, तिचे सामान्य संकेतस्थळाला काही काम नसते. ओळखीची पण त्या पानाला न चालणारी क्रिया आली तर ४०५ द्यावे आणि कोणत्या क्रिया चालतील ते अलाऊ हेडरमध्ये सांगावे. नाकारतानाही रीत आहे. अपाची पहिल्या ओळीला ८१९० बाइटांपर्यंत मुभा देतो आणि हेडर शंभरपर्यंत. हेडर मुद्दाम मुंगीच्या पावलाने पाठवून सर्व्हरला अडकवून ठेवणाऱ्यांसाठी वेळेची मर्यादा असते. २००९ साली स्लोलोरिस नावाचे साधन आले तेव्हा तिची निकड सगळ्यांना कळली.

आता माझी तक्रार. नियम पाळून घेणारे हळूहळू नियमाबाहेरच्या गोष्टीही पाळून घेऊ लागतात. त्याच सोमवारी, हजेरीची भानगड चालू असताना, ग्रंथालयातून दुसरा फोन आला: जुन्या पुस्तकांची यादी उघडत नाही. तिथेही ४००. लॉगची पातळी ‘इन्फो’पर्यंत वाढवल्यावर अपाचीने कबूल केले की होस्टचे नाव त्याला पसंत नाही. त्या सर्व्हरचे नाव कोणे एके काळी कोणीतरी ‘जुने_ग्रंथ’ अशा धर्तीचे ठेवले होते, मधोमध अंडरस्कोअर. यंत्रांच्या नावांचा जुना नियम अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांनाच मान्यता देतो. वेबपत्त्यांचे व्याकरण मात्र अंडरस्कोअरला हरकत घेत नाही. दोन नियमांपैकी कडक तो अपाचीने उचलला होता. इथे दोन वाचकांचे वाचन फाटत नव्हते, कोणाचे नुकसान होत नव्हते. तरी मी नाव बदलले, कारण भांडायला वेळ नव्हता, आणि ग्रंथालयातल्या चौदा संगणकांवरचे बुकमार्क एकेक करून दुरुस्त केले.

सर्व्हरच्या पुढे बसवायच्या छाननीच्या भिंतींत हा प्रकार जास्त दिसतो. मॉडसिक्युरिटी हे त्यांतले जुने नाव, इव्हान रिस्टिच यांनी २००२ मध्ये आणलेले. त्यावर ओवास्प या संस्थेचा कोअर रूल सेट चालवतात. त्यातल्या ९२० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या नियमांच्या फाइलचे नावच ‘प्रोटोकॉल एन्फोर्समेंट’ आहे. प्रत्येक नियम मोडला की दोषाचे गुण चढतात आणि मूळ मांडणीत ५ गुण झाले की रिक्वेस्ट अडवली जाते. कंटेंट-लेंथमध्ये आकड्याऐवजी भलतेच काही आले तर गुण, हे योग्यच. पण होस्टमध्ये नावाऐवजी आयपीचा आकडा आला तरी गुण, ब्राउझरची ओळख सांगणारे युजर-एजंट हेडर नसले तरी गुण. एचटीटीपीला या दोन्ही गोष्टी चालतात. बॉटांना अशा सवयी असतात एवढाच त्यामागचा आधार. हा प्रोटोकॉल नव्हे, संशय आहे. संशयालाही पहाऱ्यात जागा असते, फक्त त्याच्या छातीवर नियमाचा बिल्ला लावू नये.

याची झळ मराठीला कशी लागते ते पाहायला मी चाचणीच्या सर्व्हरवर एक प्रयोग केला. कोअर रूल सेटमध्ये ‘पॅरानॉइया’ नावाच्या, म्हणजे संशयीपणाच्या, चार पातळ्या आहेत. शोधाच्या चौकटीत ‘मराठी’ टाकले. ब्राउझरने त्याचे नेहमीप्रमाणे बाइट केले: ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांचा, म्हणून ‘मराठी’च्या पाच चिन्हांची पत्त्यात ४५ अक्षरे झाली. व्याकरणाच्या दृष्टीने निर्मळ. पहिल्या पातळीवर शोध चालला. दुसरीवर चालला, कारण तिथे १२८ ते २५५ या बाइटांना मुभा आहे. तिसरीवर नेले आणि समोर ४०३, म्हणजे मनाई, आले. तिसऱ्या पातळीच्या एका नियमात ३२ ते १२६ यांमधलेच बाइट सभ्य धरलेले आहेत, आणि तो नियम एकटाच ५ गुण देतो. रोमन लिपीत तोच शब्द टाकला तर दार उघडते. नियम लिहिणाऱ्यांनी वरच्या पातळ्यांवर असे होईल, अपवाद लिहून घ्या, हे सांगून ठेवलेले आहे. त्यांचा दोष नाही. पण ‘जास्त पातळी म्हणजे जास्त सुरक्षा’ असे समजून कळ फिरवणारा आपल्याच वाचकांची लिपी दाराबाहेर ठेवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या लॉगमध्ये तो शोध हल्ला म्हणून नोंदला जातो.

म्हणून नवा नियम आधी काही आठवडे नुसता नोंद घेणारा म्हणून चालवावा, अडवणारा म्हणून नाही. नोंदी रोज डोळ्यांनी वाचाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दुसरा मार्ग नाही.

हजेरीच्या यंत्राचे शेवटी असे झाले. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही सर्व्हरच जुना करून टाका ना, सगळ्यांकडे चालतंय.” फर्मवेअर कोणी लिहिले होते याचा त्याच्याकडे मागमूस नव्हता. सर्व्हर जुना करणे शक्य नव्हते आणि मुख्य दार ढिले करणे आता मला मान्य नव्हते. मग वेगळा पोर्ट उघडला, त्यावर फक्त त्या यंत्राच्या आयपी पत्त्याला प्रवेश दिला, मध्ये प्रॉक्सी ठेवला नाही आणि प्रत्येक रिक्वेस्टनंतर जोडणी तोडायची असे ठरवले. बोलणारा एक, ऐकणारा एक. वेगळा पोर्ट घेणे भागच होते, कारण हेडर वाचून होईपर्यंत कोणते संकेतस्थळ मागितले आहे हे अपाचीला ठरवता येत नाही, आणि इथे प्रश्न हेडर कसे वाचायचे याचाच होता. त्या पोर्टपुरता तो शब्द टंकला: अनसेफ. वरच्या ओळीत शेरा लिहिला, ‘यंत्र बदलले की हे काढणे’, आणि तारीख घातली.

मंगळवारी सकाळी आस्थापनेतून फोन आला की हजेरी पडते आहे, पण शनिवार आणि सोमवार दोन्ही दिवस सगळेच गैरहजर दिसतात, त्याचे काय करायचे.